गोड्या पाण्याची धास्ती

पोरी,

फोटो पाहिले, यादीही वाचली. बत्तीस फुटी फायबरची शिडाची बोट, वय चाळीसच्या पुढे, किंमत तुझ्या खिशाला झेपणारी. ती दुरुस्त करून मुंबईत तिच्यावरच राहायचा तुझा बेत, घ्यायला माझी ना नाही. पण तुझ्या यादीत सागाचं डेक पहिलं, फ्रिज दुसरा, गाद्यांचं कापड तिसरं आणि ‘गळती बघणे’ पार तळाला आहे. ही यादी उलटी कर, मग बोलू.

समुद्राचं पाणी बोट कुजवतं असं किनाऱ्यावरच्या माणसाला वाटतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारं पाणी मानवत नाही, तिला गोडं पाणी लागतं. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. त्यामुळे तुझ्या बोटीत जे बिघडलं असेल, ते डेकपासून खाली बिघडत गेलेलं असणार.

त्या काळातल्या बऱ्याच फायबर बोटींच्या डेकमध्ये दोन थरांच्या मधे बाल्सा लाकूड भरलेलं असतं. वजन वाचतं, डेक ताठ राहतं. पण कठड्याचा खांब, कप्पी, खुंटी, जे जे डेकवर बोल्टने बसवलंय त्या प्रत्येक भोकातून पाणी आत झिरपतं आणि बाल्साचा लगदा होतो. वरून रंग चकचकीत दिसतो. स्क्रूड्रायव्हर उलटा धर आणि मुठीने वीत-वीत अंतरावर ठोकत जा. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या जागी जुन्या चाळीच्या भिंतीचं सुटलेलं प्लास्टर ठोकल्यासारखा भद्द. तिथे खडूने खूण कर. थोड्याच खुणा झाल्या तर दुरुस्ती तुझ्या हातची आहे: भोक मोठं करायचं, आजूबाजूचा लगदा आकड्याने उकरायचा, पूर्ण वाळू द्यायचं, घट्ट कालवलेलं इपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळला की दगड होणारी राळ, भरायचं आणि त्यातूनच बोल्टसाठी नवं भोक पाडायचं. बोल्ट मग इपॉक्सीत बसतो, पाण्याला बाल्सापर्यंत वाट उरत नाही. अर्धं डेक खडूने भरलं, तर मालकाला नमस्कार करून परत ये.

इपॉक्सीचे व्हिडिओ तू बघतेस ते थंड देशांतले. आपल्याकडे उकाड्यात ते डब्यातच तापतं, धुमसतं आणि दगड होतं. हळू सुकणारा हार्डनर घे, थोडं थोडं कालव आणि कालवल्या कालवल्या पसरट ट्रेमध्ये ओत. काम सकाळी, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. दमट हवेत वर चिकट मेणासारखा थर येतो, तो साध्या पाण्याने धुऊन घासल्याशिवाय पुढचा हात देऊ नकोस.

आता तुझं सागाचं डेक. सागाला मी नावं ठेवणार नाही. इथल्याच गोदीत वाडियांनी सागात बांधलेली आणि १८१७ साली पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ अजून इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. पण ते अख्खं जहाज सागाचं. तू फायबरवर सागाच्या पातळ पट्ट्या स्क्रूने मारणार, म्हणजे शेकडो नवी भोकं पाडणार, आणि मे महिन्यात त्यावर अनवाणी पाय ठेववणार नाही. पांढरा, खरखरीत रंग लाव. दिसायला साधा, पण केबिन थंड राहते.

याच गळतीचं दुसरं बिऱ्हाड नजरेआड असतं. डोलकाठीला धरणाऱ्या तारा ज्या स्टेनलेस पोलादाच्या पट्ट्यांना अडकवतात, त्या डेकमधून खाली उतरतात. स्टेनलेस टिकतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे. ओल्या, कोंदट फटीत ते आतल्या आत चिरतं आणि वरून चमकत राहतं. एक तरी पट्टी पूर्ण बाहेर काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. नव्या बनवशील तर खाऱ्या हवेला जास्त तोंड देणाऱ्या ३१६ ग्रेडमध्ये. नागदेवी स्ट्रीटवर नुसतं ‘एसएस’ म्हणालीस तर ३०४ हातात पडेल, आणि चुंबक लावून फरक कळत नाही. जहाजांचं जुनं सामान विकतात त्या दारूखान्यात जरूर भटक, पितळी पोर्टहोल (गोल खिडक्या) आणि नांगर तिथे चांगले मिळतात. वापरलेली तार मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नकोस.

पाणी थांबलं की हवा. उन्हाळ्यात बंद केबिनमध्ये माणूस राहू शकत नाही, आणि पावसाळ्यात झाकणं लावली की आत बुरशी धरते. म्हणून डोलकाठीपासून मागपर्यंत ताडपत्रीचं छत आधी शिवून घे, असं की भर पावसातही पुढचं झाकण उघडं राहील. जाळ्या, दोन-तीन बारा व्होल्टचे पंखे आणि सोलर एवढ्यावर भागतं. फ्रिज एकटाच या सगळ्यांपेक्षा जास्त वीज खातो, तो पुढच्या वर्षी. वायर लोहार चाळीतून आणशील तर कथिलाचा मुलामा असलेली माग, नुसतं तांबं खाऱ्या हवेत काळं पडतं. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साठतो. सिलिंडरच्या कप्प्याला बोटीबाहेर निघणारं भोक हवंच. इंजिनचं नंतर बघू, ते डिझेल मेकॅनिकला कळतं.

एक गोष्ट मात्र बोट घेण्याआधीच ठरव: जूनमध्ये ती कुठे असेल? गेटवेसमोर नांगरून पावसाळा काढायचा विचार डोक्यातून काढ. आतल्या खाडीत जागा किंवा जमिनीवर ठेवायची सोय, आणि राहायची परवानगी, दोन्ही कागदावर घे. तोंडी ‘होऊन जाईल’ म्हणणारे पुष्कळ भेटतील.

तळ मी स्वतः बघेन. फोड असतील तर एक फोडून बघू. आत व्हिनेगरसारखा वास आला तर ते पाणी फायबरमध्ये मुरलेलं. कोमट समुद्रात हे लवकर होतं, त्यावर किंमत पाडता येते, घाबरायचं कारण नाही. तळ बघायला बोट भरतीला खाडीत आत घ्यायची आणि सुकतीला, म्हणजे पाणी पूर्ण ओसरल्यावर, गाळावर उघडी पडू द्यायची. उधाणाची भरती आपल्याकडे दुपारी बाराच्या सुमारास येते आणि सहाच्या आसपास सुकती. उधाण चढतं असेल, म्हणजे रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा उंच येत असेल, त्या दिवसांत बोट आत घ्यायची. उतरत्या उधाणाला घेतली तर पुढच्या उधाणापर्यंत गाळातच बसेल. तुझ्या बोटीचा कणा लांब आणि सरळ आहे, दोन्ही बाजूंना टेकू लावले की उभी राहील. मालकाला अमावास्येच्या आदल्या दिवसाचं विचार. टेकू आणि हातोडी मी आणतो, तू टॉर्च आण आणि चपला घरी ठेव, त्या गाळात राहतात.

तुझा
काका

ता. क. मालकाने ‘कालच रंग दिलाय’ म्हटलं तर दोन महिन्यांनी बघू म्हण. ओल असेल तर रंग तोवर सुटायला लागू शकतो.