एक रस्ता, तीन आकडे

प्रश्न: मी जुळे सोलापुरात राहतो. वय 52, नोकरी बैठी. दोन वर्षांपासून सायकल चालवतो. उन्हाळ्यात रोज पहाटे सव्वापाचला निघून विजापूर रस्त्याने मंद्रूपच्या दिशेला एका ठरलेल्या किलोमीटरच्या दगडापर्यंत जातो, परतताना एका पत्र्याच्या हॉटेलात वीस मिनिटे चहाला थांबतो आणि आठच्या आत घरी पोहोचतो. माझ्याकडे तीन साधने आहेत: खिशातला मोबाइल, मनगटावरचे स्मार्ट घड्याळ आणि पुढच्या चाकाला चुंबक लावून चालणारा जुना सायकल कॉम्प्युटर. एकाच फेरीचे अंतर मोबाइल 36.6 किलोमीटर सांगतो, घड्याळ 35.8 आणि चाकावरचे यंत्र 35.2. गेल्या दिवाळीत टायर बदलून 25 ऐवजी 32 मिलिमीटर रुंदीचे घेतले, त्याआधी एवढा फरक पडत नसे. घड्याळाच्या मते मी घरी परततो तेव्हा माझे घर निघतानापेक्षा तेरा-चौदा मीटर खाली गेलेले असते. चढावर छाती भरून येते तेव्हा तेच घड्याळ नाडी 86 दाखवते. तापमानाचा आकडा तर सांगायलाच नको: रविवारी दहा वाजता परतलो तर 48 अंश! नवे यंत्र घ्यावे काय?

उत्तर: नवे यंत्र घेऊ नये, निदान या उन्हाळ्यात तरी. आपल्या पत्रातच बऱ्याचशा प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि पहिले उत्तर टायरच्या वाक्यात आहे.

चाकावरचे यंत्र अंतर मोजत नाही, ते फेरे मोजते. चुंबक समोरून गेला की एक फेरा, आणि प्रत्येक फेऱ्याला आपण एकदा भरून दिलेली परिघाची लांबी, एवढाच त्याचा हिशेब. 700 बाय 25 च्या (700 हे चाकाचे माप, 25 ही रुंदी) टायरसाठी ही लांबी साधारण 2105 मिलिमीटर धरतात आणि 700 बाय 32 साठी 2155. आपण टायर बदलले, पण आकडा बदलला नाही असे दिसते. फेऱ्यामागे पाच सेंटिमीटर ही क्षुल्लक गोष्ट वाटते. परंतु 36 किलोमीटरमध्ये चाकाचे जवळजवळ 16,700 फेरे होतात आणि त्या प्रत्येकात पाच सेंटिमीटर गळाले की आठशे मीटरहून अधिक रस्ता हिशेबातून नाहीसा होतो. दुरुस्ती करून पाहिल्यास आपले 35.2 हे 36.0 होतात. म्हणजे ज्या जुन्या यंत्राला आपण सर्वांत चुकार समजत होता तेच एका दुरुस्तीनंतर तिघांत सर्वांत भरवशाचे ठरण्याची शक्यता आहे.

छापील तक्त्यातील आकडा भरण्यापेक्षा परीघ स्वतः मोजणे अधिक चांगले, कारण टायरमधील हवा आणि सायकलस्वाराचे वजन यांमुळे चाक किंचित दबते. सोसायटीच्या फरशीवर खडूने रेघ मारून पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर त्या रेघेवर खाली आणावा, सीटवर बसून, कोणाला तरी धरायला सांगून, सरळ रेषेत तीन फेरे पुढे जावे, व्हॉल्व्ह पुन्हा तळाशी आला तेथे दुसरी रेघ मारावी आणि मोजपट्टीने आलेल्या अंतराला तीनने भागावे. हवा नेहमी भरता तेवढीच असू द्यावी. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि घरातील मुलांना फार आवडते.

आता मोबाइल आणि घड्याळ. दोन्ही जीपीएसवर चालतात. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संकेत किती वेळात पोहोचले यावरून जागा काढायची, त्यासाठी निदान चार उपग्रह दिसायला हवेत, आणि वेळेच्या मोजणीत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात 300 मीटरची चूक होते. इतक्या नाजूक हिशेबात पत्र्याचे छप्पर आले की काय होणार? संकेत पत्र्यावर, भिंतीवर आदळून वाकडी वाट करून येतो आणि आपण बाकावर चहा पीत असताना मोबाइलच्या लेखी हॉटेलभर येरझाऱ्या घालत असता. या येरझाऱ्यांची बेरीज 36.6 मध्ये आहे. फेरीचा नकाशा मोठा करून पाहिला तर हॉटेलाच्या जागी दोऱ्याचा गुंता दिसेल. थांबताना नोंद थांबवण्याची सोय ॲपमध्ये असते. ती स्वयंचलित ठेवण्यापेक्षा हाताने वापरावी असे मी सुचवीन, कारण स्वयंचलित सोय चढावरच्या मंद गतीलाही कधीकधी थांबा समजते.

घड्याळाची चूक उलट दिशेची आहे. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती तीस-तीस सेकंदांच्या खेपांनी पाठवत असतो. मोबाइलला ही माहिती इंटरनेटवरून आधीच मिळते, म्हणून तो लगेच सज्ज होतो. मोबाइलशी जोडणी न झालेल्या घड्याळाला मात्र ती आकाशातूनच घ्यावी लागते आणि इमारतींच्या मधल्या बोळात ती खेप तुटली की पुन्हा वाट पाहावी लागते. आपण बटण दाबून लगेच निघत असाल तर पहिले दोन-तीनशे मीटर घड्याळाला दिसतच नाहीत. उद्या पहाटे सायकलची हवा तपासेपर्यंत घड्याळ उघड्यावर ठेवावे, जागा सापडल्याची खूण आली की मगच निघावे.

आणि तिघांची साक्ष ताडून पाहण्यासाठी चौथा साक्षीदार रस्त्याच्या कडेलाच उभा आहे. राष्ट्रीय महामार्गावर किलोमीटरचे दगड असतात आणि त्यांच्या मध्ये दर 200 मीटरला लहान दगड असतात. किलोमीटरच्या एका दगडापासून तसेच दहा दगड पुढे जाऊन प्रत्येक यंत्राची वाढ किती झाली ते पाहावे. चौपदरीकरणात एखादा दगड इकडचा तिकडे झालेला असू शकतो, म्हणून एकाच किलोमीटरवर निकाल देऊ नये.

घर खाली जाण्याच्या गोष्टीने मला खरा आनंद झाला, कारण येथे घड्याळ चुकत असले तरी ते एक खरी गोष्ट टिपते आहे. त्यात हवेचा दाब मोजणारा संवेदक आहे आणि ते दाबावरून उंची ठरवते: दाब वाढला की आपण खाली आलो असे त्याला वाटते. परंतु आपल्या प्रदेशात हवेचा दाब जागच्या जागीही दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. पहाटे चारच्या सुमारास तो कमी असतो, सकाळी दहाच्या सुमारास सर्वाधिक होतो, दुपारी चारला पुन्हा घटतो आणि रात्री दहाच्या आसपास परत वर येतो. सोलापूरच्या उंचीवर एक मिलिबार दाब म्हणजे सुमारे नऊ मीटर उंची. आपण सव्वापाचला निघता आणि आठच्या आत परतता, त्या वेळात दाब दीड मिलिबारच्या आसपास वाढणे अगदी स्वाभाविक आहे. त्याला नऊने गुणल्यास आपले तेरा-चौदा मीटर मिळतात. प्रयोग म्हणून एखाद्या सुट्टीच्या दिवशी घड्याळ सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत टेबलावर ठेवा, घर वर गेलेले दिसेल. वळवाच्या पावसाआधी सोसाट्याचा वारा सुटतो त्या संध्याकाळी तर हा आकडा मुळीच पाहू नये. निघण्यापूर्वी आपल्या घराची उंची घड्याळात भरण्याची सोय असते, परंतु फेरीच्या मध्येच सरकणाऱ्या दाबावर तिचा इलाज नाही, आणि म्हणून ‘आज एकूण किती चढलो’ या आकड्याची दोन दिवसांत तुलना करून फुशारकी मारण्यात फारसा अर्थ नाही.

तापमानाबद्दल थोडक्यात. हवामान खात्याचा तापमापक झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास टांगलेला असतो. आपला तापमापक काळ्या खोक्यात, उन्हात, तापलेल्या डांबरावर आणि घामेजल्या मनगटाला चिकटून असतो. 48 हे त्या खोक्याचे तापमान आहे. ते निरुपयोगी नाही, कारण त्या खोक्यात लिथियमची बॅटरीही आहे. अनेक मोबाइल 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात आणि त्यापुढे पडदा मंद करणे, चार्जिंग थांबवणे असे उपाय ते स्वतःच करतात.

नाडीच्या आकड्याकडे मात्र गांभीर्याने पाहावे. घड्याळ कातडीवर हिरवा प्रकाश टाकते आणि रक्ताच्या प्रत्येक ठोक्याबरोबर परतणाऱ्या प्रकाशात होणारा बारीक बदल मोजते. हँडलवर मनगट मुडपलेले असते, रस्त्याचे हादरे बसतात, घामाने घड्याळ सरकते, आणि मग यंत्राला ठोक्यांची लय सापडत नाही तेव्हा ते दुसरी एखादी नियमित लय पकडते. आपण मिनिटाला 86 वेळा पेडल फिरवत असाल तर 86 ही आपल्या पायांची संख्या असण्याचा संभव मोठा आहे. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, जरा घट्ट बांधावे. परंतु छाती भरून येते असे आपण लिहिले आहे, वय 52 आहे आणि नोकरी बैठी आहे. ते केवळ धापा लागणे असेलही, तरी चढाची फेरी पुन्हा करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवून यावे, आणि तेथे घड्याळातील आकडे न दाखवता आपल्याला काय वाटले ते सांगावे. छातीत दडपण, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, थंड घाम यांपैकी काही झाल्यास त्याच क्षणी सायकल थांबवून मदत मागावी.

आपण न विचारलेली एक गोष्ट सांगतो. उन्हाळी फेरीसाठी घरातले सर्वांत उपयोगी यंत्र म्हणजे वजनकाटा. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर अंग पुसून कमीत कमी कपड्यांत वजन करावे. 68.4 चे 67.5 झाले आणि वाटेत पाऊण लिटर पाणी प्यालात, तर घाम सुमारे 1.65 लिटर गेला. असे आठवडाभर लिहून ठेवल्यावर बाटली एक न्यावी की दोन, हे कोणत्याही घड्याळापेक्षा अधिक चांगले कळेल. चहासोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात असाल तर मिठाची थोडी सोय होतेच, तरी लांबच्या फेरीला मीठ-साखरेचे पाणी बरोबर असावे: एक लिटरला सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट चमचे.

प्रश्न: मी हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाऊन येते. घड्याळ चुकते म्हणून छातीचा पट्टा घेतला. आता पहिल्या दहा मिनिटांत नाडी 210 दिसते आणि मग आपोआप 130 वर येते. घरचे म्हणतात, सायकल बंद कर. मी घाबरले आहे.

उत्तर: छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत संकेत पकडतो आणि त्यासाठी कातडी व पट्टा यांमध्ये ओल लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की घाम येईपर्यंत ही ओल मिळत नाही. त्यातच नायलॉनची जर्सी उतारावर वाऱ्याने फडफडली की स्थिर विजेच्या ठिणग्या पट्ट्याला ठोक्यांसारख्या भासतात. दहा मिनिटांनी घाम सुटला की आकडा जागेवर येतो, हे आपल्या वर्णनाशी तंतोतंत जुळते. पट्ट्याची आतली बाजू निघण्यापूर्वी पाण्याने चांगली भिजवावी, जर्सी अंगाशी बसणारी घालावी, पट्टा धुऊन वाळवावा आणि त्यातील बटणासारखी बॅटरी जुनी असल्यास बदलावी. पुन्हा 210 दिसल्यास थांबून गळ्याजवळची नाडी बोटांनी पंधरा सेकंद मोजून चौपट करावी. बोटांनाही तेवढीच मोठी संख्या मिळाली, किंवा आकडा काहीही असो पण धडधड, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पट्ट्याचा विषय सोडून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घरच्यांना हा भेद समजावून सांगावा. त्यांची काळजी चुकीची नाही.

प्रश्न: मी महाविद्यालयात शिकतो. सलग 41 दिवस एकही खाडा न करता रोज 20 किलोमीटर सायकल चालवली. परवा सकाळी फेरी पूर्ण झाली, पण मोबाइल तापून बंद पडला आणि नोंद गेली. सलग दिवसांची साखळी तुटू नये म्हणून त्याच दिवशी अकरा वाजता पुन्हा निघालो, सात किलोमीटरवर डोके गरगरले आणि उलटी झाली. रस्त्यावरच्या लोकांनी सावलीत बसवले. असे पुन्हा झाल्यास काय करावे?

उत्तर: पुन्हा होऊ देऊ नये. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, सरळ उभ्या काठीची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. त्या दिवसांत अकरा वाजता, सकाळचे वीस किलोमीटर अंगात असताना निघणे म्हणजे उष्माघाताच्या दारात जाणे होय. गरगरणे आणि उलटी ही त्याची आधीची पायरी आहे. त्यानंतर बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा शुद्ध हरपू लागली, तर अंगावर पाणी ओतत, वारा घालत तातडीने रुग्णालय गाठावे लागते. त्या अनोळखी माणसांनी आपल्याला वेळीच सावलीत नेले, त्यांचे आभार मानायला जमल्यास अवश्य जावे.

मोबाइल हँडलवर उन्हात न लावता पाठीच्या खिशात ठेवावा, पडदा बंद ठेवावा, आणि निघताना व परतताना भिंतीवरच्या घड्याळातील वेळ वहीत टिपावी. नोंद गेलीच, तर बहुतेक ॲपमध्ये फेरी हाताने भरता येते. तारीख घालावी, वहीतली वेळ लिहावी आणि अंतर आदल्या दिवशीचेच टाकावे, कारण रस्ता तोच होता.