बाळाच्या श्वासपटलाला छिद्र आहे. नाळ उशिरा कापा असा आग्रह धरावा का?

ताई, स्कॅनमध्ये बाळाच्या श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला, डावीकडे छिद्र दिसलं, आतडी छातीत सरकलीत, आणि नाळ उशिरा कापायचा आग्रह धरू का, असं तुम्ही विचारलंय. मी ठाण्यात एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर आहे. मिनिटांचा आग्रह धरू नका, एवढी विनंती करते.

रडणाऱ्या, धडधाकट बाळाची नाळ निदान एक मिनिट थांबूनच कापतात. तुमच्या बाळाचं गणित वेगळं आहे. वर चढलेल्या आतड्यांनी फुप्फुसांना वाढायला जागाच दिलेली नसते. असं एक बाळ मी हातात घेतलं होतं. पोट खपाटीला गेलेलं, हृदय ढकललं गेल्याने ठोके उजवीकडे ऐकू येत होते. अशा बाळाला मास्क लावून अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबत नाहीत, कारण हवा पोटात जाते, आतडी फुगतात आणि फुप्फुस आणखी चेपतं. सहसा लगेच श्वासनलिकेत ट्यूब घालतात, पोटातली हवा काढायला रायल्स ट्यूब टाकतात.

आता नाळ. पोटात असताना बाळाच्या हृदयाकडे बरंचसं रक्त वारेकडून येतं. नाळ कापली की ते थांबतं. तोवर फुप्फुसं उघडली नसतील तर तिकडूनही पुरेसं येत नाही, आणि ठोके मंदावतात. म्हणून आधी ट्यूब, फुप्फुसात हवा, मग नाळ, असा विचार पुढे आला. ऑस्ट्रेलियात असंच छिद्र असलेल्या कोकरांवर हे करून पाहिलं, तेव्हा फुप्फुसांकडचा रक्तप्रवाह सुधारला. नेदरलँड्समध्ये आईच्या अगदी शेजारी खास ट्रॉली लावून बाळांवरही केलंय. पण त्याला तशी ट्रॉली आणि सराव झालेली टीम लागते. ती नसताना श्वास न घेणारं बाळ नाळेसाठी तसंच ठेवणं मला धोक्याचं वाटतं.

डॉक्टरांना हे विचारा: ट्यूब कोण घालणार, ते प्रसूतीच्या वेळी खोलीतच असतील का? नाळ जोडलेली असताना ट्यूब घालायची सोय आहे का? व्हेंटिलेटर आणि लहान मुलांचे सर्जन त्याच आवारात आहेत का? ऑपरेशन सहसा त्याच दिवशी नसतं, बाळ स्थिरावल्यावर करतात. पण ट्यूब घातलेलं बाळ घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून न्यायची वेळ येऊ देऊ नका. ते पोटात असतानाच तुम्ही ही सगळी सोय असलेल्या हॉस्पिटलात जा. परळला वाडियाचं प्रसूतिगृह आणि मुलांचं हॉस्पिटल शेजारी-शेजारी आहेत, तिथेही विचारून बघा. नाव आत्ताच नोंदवा, सगळे स्कॅन फाइलला लावून.