बुद्धी बाजूला ठेवायची का?

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडगाव शेरीतल्या आमच्या प्रार्थना गटात बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक वाचताना मी विचारलं, सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला, तर आधीचे तीन दिवस कसे मोजले? गटातले एक काका म्हणाले, “बाळ, हे देवाचं प्रकटीकरण आहे. इथे बुद्धी बाजूला ठेवायची.” मग देवाने बुद्धी दिलीच कशाला? आणि बुद्धीने देव कळत असेल, तर प्रकटीकरण, म्हणजे देवाने स्वतःहून सांगणं, तरी कशाला? असं विचारणं पाप आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पाप मुळीच नाही. आई होणार असल्याचा देवदूताचा निरोप ऐकून येशूच्या आईने, मरियेनेसुद्धा “हे कसं होईल?” असं विचारलं, आणि तिला उत्तर मिळालं.

तुझी सूर्याची शंका सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टीनलाही आली होती. ते दिवस आपल्यासारखे चोवीस तासांचे नसणार, असं त्याचं मत पडलं. पुढे त्याने बजावलं, की तारे, ऋतू, प्राणी यांविषयी ख्रिस्ती माणूस बायबलचा हवाला देऊन चुकीचं बोलू लागला, तर जाणकार हसतील, आणि मग पुनरुत्थानाबद्दल त्याचं कोण ऐकणार? काकांना हे जरूर सांग, पण आदराने. त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा आहेत, हे त्रैक्य कोणी नुसत्या विचाराने शोधून काढलेलं नाही. ते देवाने सांगितलं म्हणून कळलं.

तुझा दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसने आपल्या ‘सुम्मा’ या मोठ्या धर्मशास्त्रीय ग्रंथाची सुरुवातच या प्रश्नाने केली. देव आहे, हे बुद्धीला कळू शकतं, असं तो मानतो. तरीही प्रकटीकरण हवंच, कारण बुद्धीच्या वाटेने ते सत्य थोड्याच लोकांना, फार काळाने आणि पुष्कळ चुका मिसळून हाती आलं असतं.

हे वाचताना मला माझी आई आठवते. ती एका हॉस्पिटलात आया होती. रात्रपाळी संपवून आली, की आमचे डबे, धुणं, पाणी भरणं. युक्तिवाद घेऊन बसायला तिला सवड कुठली? पण देव आपला बाप आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. देवाची ओळख फक्त शिकलेल्यांना आणि रिकामा वेळ असलेल्यांना व्हावी, हे थॉमसला मान्य नव्हतं. जन्मभर बुद्धीची कास धरलेल्या माणसाने हे लिहावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग बुद्धीला काम काय उरतं? भरपूर. सांगितलेलं समजून घ्यायचं, एका वचनाचा दुसऱ्याशी मेळ लावायचा, आक्षेपांना उत्तर द्यायचं. थॉमस म्हणतो, समोरचा प्रकटीकरण मानतच नसेल, तर त्याला श्रद्धेची तत्त्वं सिद्ध करून दाखवता येत नाहीत, पण त्याचे आक्षेप मात्र खोडता येतात.

आपल्या पंडिता रमाबाईंचंच बघ. 1883मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही त्रैक्याबद्दलच्या शंका त्यांनी तिथल्या सिस्टरांना पत्रांतून परखडपणे कळवल्या. धर्मगुरूंचं एक जोखड टाकून दुसरं घ्यायला त्या तयार नव्हत्या. पुढे केडगावला त्याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठीत बायबल आणलं. त्यांची श्रद्धा कमी होती, असं कोण म्हणेल?

‘सुम्मा’चा पहिला प्रश्न दहा लेखांचा, म्हणजे दहा छोट्या उपप्रश्नांचा आहे. त्यातला पहिला आणि आठवा आधी वाच. इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर फुकट मिळतं. भाषा रुक्ष वाटेल, कारण थॉमस आधी विरोधकांचे आक्षेप मांडतो आणि मग आपलं मत सांगतो. तो क्रम लक्षात ठेवलास तर गोंधळ होणार नाही. काही अडलं तर पुन्हा लिही.