आधी पेटीवर वाजवून पाहा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतच्या तिन्ही रचना मिळाल्या. संगीतरचनेचे शिक्षण अर्धवट सोडून सिंथेसायझर आणि संगणकालाच वाहून घ्यावे का, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर नकारार्थी आहे. का, ते सांगण्यासाठी तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या लात्व्हियाचे संगीतकार यानिस लूसेन्स यांची वाटचाल तुझ्यापुढे ठेवतो.

१९८० साली मेलोडिया या सोव्हिएत सरकारी कंपनीने 'झोडियाक' नावाच्या वाद्यवृंदाची 'डिस्को अलायन्स' ही तबकडी काढली, तेव्हा तिचे संगीतकार लूसेन्स लात्व्हियाची राजधानी रीगा इथल्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, रचनाशास्त्र शिकत होते. फ्रान्समधल्या 'स्पेस' या वृंदाचा नाद त्यांना खुणावत होता आणि त्यांनी तो लपवलाही नाही. तबकडीवर अवघ्या सात रचना आहेत. तिच्या प्रती मात्र लाखोंनी खपल्या. त्यातली 'झोडियाक' हीच रचना ऐक. सिंथेसायझरचा चकाकता नाद बाजूला ठेवलास आणि नुसती चाल पेटीवर वाजवलीस, तरी ती उभी राहते, कारण कोणत्या स्वरावर थांबायचे आणि तेच वाक्य दुसऱ्यांदा येताना कुठे वळवायचे, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. तुझ्या दुसऱ्या रचनेत नाद सुरेख आहे, पण चौथ्या मिनिटानंतर तिला कुठे जायचे आहे तेच कळत नाही. पेटीवर ती मी वाजवून पाहिली, हाती दोन स्वर उरले.

आणखी एक गोष्ट, जी तुझ्या वयात मलाही पटली नसती. ही तबकडी एकट्याची नव्हे. गिटार, बेस, ड्रम्स माणसांनीच वाजवले आहेत, आणि मेलोडियाच्या रीगा स्टुडिओतले ध्वनिमुद्रक अलेक्सांद्र्स ग्रीवा पाठीशी नसते, तर एका विद्यार्थ्याच्या वहीतल्या चाली तिथवर पोहोचल्या असत्या असे मला वाटत नाही. ज्या देशात तबकड्या काढणारी कंपनीच मुळात एक, तिथे आतला जाणकार कान भेटणे केवढे महत्त्वाचे! तुला सगळे घरबसल्या करता येते, म्हणूनच तुझ्या रचनेला 'हे कंटाळवाणे आहे' असे तोंडावर सांगणारा कुणी नाही. (ते काम सध्या मी करतो आहे, राग मानू नकोस.)

१९८२ साली अवकाशाची कल्पना धरून दुसरी तबकडी आली. पुढे लूसेन्स गाण्यांकडे आणि रंगभूमीकडे वळले. विजेच्या वाद्यांची फॅशन ओसरल्यावरही त्यांच्या हाताला काम राहिले, त्याचे श्रेय मी कॉन्झर्व्हेटरीत घासलेल्या वह्यांना देतो.

तेव्हा या सत्राची परीक्षा दे. दुसरी रचना यंत्राला हात न लावता कागदावर सोळा मात्रांत लिहून पाठव. नाद कोणता वापरायचा, ते मग आपण बसून ठरवू.

तुझा,
काका