गणित-फिजिक्स आवडतं, पण का ते सांगता येत नाही

अगं, तुझा प्रश्न वाचला. अकरावी सायन्स, गणित-फिजिक्स सोडून कशात जीव रमत नाही, घरी कुणी "एवढं काय आहे त्यात?" विचारलं की उत्तर सुचत नाही, आणि वर ही शंका की मार्क चांगले पडतात म्हणून तर आवडत नसेल ना. मी बरीच वर्षं ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवलंय, तर मला जे वाटतं ते सांगतो, जरा लांबेल.

आधी मार्कांचं उरकतो. मार्कांमुळे आवड लागली तर त्यात लाज कसली, जे जमतं ते सगळ्यांनाच आवडतं. पण एक बघ, न्युमरिकल सोडवलं, पुस्तकामागचं उत्तर आलं, तरी ते का आलं हे कळलं नाही तर तुला चैन पडतं का? पडत नसेल तर ती आवड मार्कांची नाही. ज्याचा जीव मार्कांवर तो उत्तर जुळलं की पुढच्या प्रश्नावर जातो, आणि त्याचंही बरोबरच आहे म्हणा, सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे 100 प्रश्न 90 मिनिटांत उडवायचे असतात, तिथे "पण असं का" करत बसलं की संपलंच.

माझ्या मते खरी मजा ताळा जमण्यात आहे. पानिपतची लढाई 1761 साली झाली हे तुला कुणावर तरी विश्वास ठेवूनच मानावं लागतं, तू तिथे जाऊन बघू शकत नाहीस. या दोन विषयांत मात्र बऱ्याच गोष्टी तुला स्वतःला, वही-पेन घेऊन, तपासता येतात, आणि सर चुकले असतील तर सरांना दाखवताही येतं (माझ्यावर हा प्रसंग आणणारी पोरंच मला जास्त लक्षात आहेत).

नुसतं बोलून नाही कळणार, करूनच बघ. ग्रॅव्हिटेशनचा धडा आहेच तुला. चंद्र सुमारे 3,84,000 किमीवर, पृथ्वीची त्रिज्या 6,400 किमी, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासून चंद्र आपल्या 60 पट लांब. ओढ जर अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असेल तर तिथे ती 3600 पट कमी हवी. इथे पडणाऱ्या दगडाचं त्वरण 9.8 (मीटर प्रति सेकंद वर्ग), त्याला 3600 ने भाग, 0.0027 येतं. आता हे सगळं बाजूला ठेव आणि दुसरीकडून ये. चंद्र 27.3 दिवसांत एक फेरी मारतो, त्याचे सेकंद कर, वर्तुळाकार गतीचा फॉर्म्युला लाव, चार पाय (π) वर्ग गुणिले त्रिज्या (चंद्राच्या कक्षेची, म्हणजे तेच 3,84,000 किमी, पण मीटरमध्ये) भागिले काळाचा वर्ग. किती आलं? परत 0.0027! पहिल्यांदा तू हातातून सुटलेल्या दगडाचा आकडा वापरलास, दुसऱ्यांदा त्या दगडाचा संबंधच नव्हता, फक्त आकाशातला चंद्र आणि त्याचे दिवस, तरी दोन्ही उत्तरं येऊन भिडली. म्हणजे फळ एका सेकंदात जेवढं पडतं, 4.9 मीटर, तेवढाच चंद्र एका मिनिटात पृथ्वीकडे पडतो. न्यूटनने हाच ताळा केला होता. आणि हो, पौर्णिमा ते पौर्णिमा असे साडेएकोणतीस दिवस धरू नकोस, जमणार नाही, ताऱ्यांच्या हिशोबाने मोजलेले 27.3 च घ्यायचे. दोन्हीत फरक का पडतो ते शोध, तेवढ्यात एक संध्याकाळ मस्त जाते.

मला विचारशील तर हे बघून ज्याला काहीच वाटत नाही त्याने खुशाल दुसरी लाइन घ्यावी, त्यात कमीपणा नाही. ज्याला वाटतं त्याला मग "उपयोग काय" हा प्रश्न फारसा छळत नाही.

आता गणित वेगळं कुठे पडतं. दाराच्या चौकटीला टेप चिकटव, वरून बॉल सोड, मोबाइलवर व्हिडिओ घे आणि दर 0.1 सेकंदाला बॉल कुठे होता ते बघ (30 फ्रेमचा व्हिडिओ असेल तर दर तिसरी फ्रेम). पहिल्या टप्प्यात साधारण 5 सेमी, मग 15, मग 25, मग 34 च्या आसपास. म्हणजे 1, 3, 5, 7 चं प्रमाण. गॅलिलिओने उतारावरून गोळे सोडून हेच पकडलं होतं, तेही धड घड्याळ नसताना. तुझे आकडे थोडे हलतील, बॉल नक्की कुठल्या फ्रेमला सुटला हे कळत नाही, ते चालायचंच. पण आता चौकोन आखलेल्या कागदावर एक चौकोन रंगव, त्याच्या दोन बाजूंना लागून 3 रंगव, मग 5, मग 7. दरवेळी मोठा चौरस तयार होतो, 1, 4, 9, 16. म्हणून एकूण अंतर वेळेच्या वर्गात वाढतं. कागदावर मात्र थोडंही हलत नाही, आणि शंभराव्या टप्प्याला काय होईल हे न रंगवता सांगता येतं. फिजिक्समध्ये शेवटचा शब्द निसर्गाचा, गणितात एकदा सिद्ध झालं की झालं, मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने दाखवलं त्याला 2300 वर्षं होत आली, त्याची सुधारित आवृत्ती काढावी लागलेली नाही. तुला दोन्ही आवडतात कारण बहुतेक तुला या दोन्ही खात्र्या हव्याशा वाटतात.

कंटाळवाणा भाग भरपूर आहे हेही सांगून ठेवतो. लॉग टेबल, अँटीलॉग, युनिट बदलत बसणं, पाठ करायला लावलेली डेरिव्हेशन्स. ते आवडत नाही म्हणजे विषय आवडत नाही असं अजिबात धरू नकोस, मलाही लॉग टेबल कधी आवडलं नाही.

आणि घरच्यांना लेक्चर देऊ नकोस, एखादी गोष्ट करून दाखव. केप्लरने 1619 मध्ये छापलेला नियम घे, ग्रहाच्या वर्षाचा वर्ग म्हणजे सूर्यापासूनच्या अंतराचा घन, अंतर पृथ्वीच्या पटीत. गुरू 5.2 पट लांब, घन कर, वर्गमूळ काढ, 11.86 वर्षं, बरोबर तेवढीच त्याला लागतात. शनीसाठी 9.54 घे, ते तू कर. जे वर्षं येतील त्याला 12 राशींनी भाग, तीन राशींचे म्हणून तीनने गुण, आणि मग आजीला विचार साडेसाती किती वर्षांची असते.