फिक्स्चरची ऑर्डर देण्याआधी दाबाचा हिशेब मागा

तुमच्या पोस्टमध्ये विचारलंय, तयार सर्किट बोर्ड तपासायला टेस्ट फिक्स्चर करून घ्यावं का. साताऱ्याच्या एमआयडीसीत पंप कंट्रोलरचे बोर्ड, लॉट शंभर-दीडशेचा, दर दोन-तीन महिन्यांनी डिझाइनची नवी रिव्हिजन, मधोमध बीजीए (पोटाखाली सोल्डरच्या बॉलवर जोडलेला) प्रोसेसर. आणि पुरवठादार म्हणतोय, "बेड ऑफ नेल्स करून घ्या, मग बघायलाच नको." बेड ऑफ नेल्स म्हणजे बोर्डाच्या टेस्ट पॉइंटना एकदम टेकणाऱ्या स्प्रिंगच्या पिनांची प्लेट, तेच फिक्स्चर. पुरवठादाराचं हे वाक्य आम्ही कुपवाडला शब्दशः ऐकलंय, म्हणून लिहितोय.

माझं मत सरळ आहे: तुमच्या लॉटला फिक्स्चर परवडणार नाही. एक टेस्ट पॉइंट सरकला की ड्रिल केलेली प्लेट भंगारात जाते. हजारोंचा लॉट आणि गोठलेलं डिझाइन असेल तर गोष्ट वेगळी.

पण पैशापेक्षा मोठं दुखणं दाबाचं. स्प्रिंगच्या एका पिनचा दाब दीडशे-दोनशे ग्रॅम धरा. 300 पिना असतील तर बोर्डावर 45 ते 60 किलो! वरून आधार नीट जागी नसले की बोर्ड वाकतो. आमच्याकडे दोन उलट्या गोष्टी एकदमच घडल्या. ड्राय सोल्डर (नीट न धरलेलं सोल्डर) असलेला जॉइंट दाबाखाली टेकायचा, म्हणून बोर्ड पास; गिऱ्हाइकाकडे गेला की बंद. आणि कडेजवळचे मोठे सिरॅमिक कपॅसिटर टेस्टिंगमध्येच तडकायचे. तडा वरून दिसत नाही, पुढे कधीतरी शॉर्ट होतो. म्हणजे चांगला बोर्ड तपासायला पाठवायचा आणि आजारी करून आणायचा.

फिक्स्चरवाल्यांच्या ऑफिसला आम्ही एवढंच मागितलं: स्ट्रेन गेज (ताण मोजणारी पट्टी) लावून बोर्ड किती वाकतो ते मोजून द्या. उत्तर ठरलेलं, "तुमचं सोल्डरिंग बघा." मेलला उत्तर नाही, फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. शेवटी आधाराच्या जागा बदलून दिल्या, त्याचंही बिल लावलं! नाव घेत नाही, पण असे बरेच आहेत. करायचंच असेल तर स्ट्रेनचा रिपोर्ट आणि तो पास झाल्यावरच शेवटचा हप्ता, हे पीओतच (खरेदीच्या ऑर्डरमध्येच) लिहून घ्या. तोंडी शब्दाला इथे काडीची किंमत नाही.

तुमच्या जागी मी काय करेन? बीजीएसाठी बाउंडरी स्कॅन, आणि नव्या रिव्हिजनचे पहिले काही बोर्ड फ्लाइंग प्रोबवर (फिक्स्चरशिवाय, हलत्या सुया एकेक पॉइंटला टेकवणाऱ्या मशीनवर) जॉबवर्कने. बाउंडरी स्कॅनचं आयईईई 1149.1 हे स्टँडर्ड 1990 सालचं आहे, म्हणजे नवीन खूळ नव्हे. बॉलखाली प्रोब पोचत नाही तिथे चिपच्या आतले सेल पिनांवरचा सिग्नल खाली-वर करून जोड बघतात. चार वायरी पुरतात, त्या पोर्टला जेटॅग म्हणतात. मात्र डिझाइनरला आत्ताच गाठा. जेटॅग आहे म्हणजे बाउंडरी स्कॅन आहेच असं धरू नका. लहान मायक्रोकंट्रोलरना बरेचदा फक्त एसडब्ल्यूडी (दोन वायरींचा डीबग पोर्ट) असतं, त्यावर हे चालत नाही. चिप कंपनीच्या साइटवरून बीएसडीएल फाइल (चिपच्या स्कॅनची माहिती देणारी) उतरवून साध्या नोटपॅडमध्ये उघडा आणि कंप्लायन्स पॅटर्नची ओळ शोधा. काही चिपना एखादी पिन ठरावीक लेव्हलला धरल्याशिवाय स्कॅन चालू होत नाही, आणि ती पिन लेआउटमध्ये कायमची उलट बांधलेली असली की सगळं मुसळ केरात. जेटॅगच्या टीएमएसला (मोड ठरवणाऱ्या वायरीला) पुल-अप रेझिस्टर, टीसीकेला (क्लॉकच्या वायरीला) पुल-डाउन रेझिस्टर द्या, आणि टीसीकेचा ट्रॅक आखूड ठेवा.

याने सगळं सापडत नाही हेही सांगून ठेवतो. समांतर लावलेल्या डीकपलिंग (सप्लाय स्थिर ठेवणाऱ्या) कपॅसिटरपैकी एखादा गायब असेल, तर स्कॅनला पत्ता लागत नाही. तिथे एओआय (कॅमेऱ्याने तपासणी) किंवा डोळे. ॲनालॉग भागाला आणि रिलेला फंक्शनल टेस्ट हवीच. कनेक्टरला लूपबॅक प्लग (बाहेर गेलेला सिग्नल परत आत वळवणारा) करा, तो घरच्या घरी वायरी सोल्डर करून होतो.

जाता जाता: नो-क्लीन फ्लक्स (सोल्डरिंगनंतर न धुतला जाणारा) टेस्ट पॅडवर राहिला की बोर्ड चांगला असूनही ओपन (जोड तुटलेला) दाखवतो. शंभर बोर्ड नापास करण्याआधी पिनांची टोकं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि ब्रशने पुसून बघा.

मी प्रॉडक्शनचा माणूस, डिझाइनर नाही. सर्किटबद्दलचं माझं म्हणणं कुणाकडून तपासून घ्या. प्रोसेसरचा पूर्ण पार्ट नंबर इथे टाका, त्याची बीएसडीएल मी बघून सांगतो.