आधी ऑक्सिजन की आधी नागपूर?

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या नातवाला तापात रात्री धाप लागली. तालुक्याच्या रुग्णालयात तासभर ठेवून ऑक्सिजन आणि एक इंजेक्शन दिले, सलाइन मात्र लावले नाही. मग १०८च्या गाडीने नागपूरला मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) पाठवले. निमोनिया निघाला. आता तो बरा आहे, पण ‘तो तास वाया गेला, थेट नागपूर गाठायचे होते’, असे नातेवाईक अजून ऐकवतात. ते खरे आहे का?
— एक आजी, नागपूर जिल्हा

उत्तर : आजी, तो तास वाया गेलेला नाही. धाप लागलेल्या बालकाला ऑक्सिजनशिवाय भाड्याच्या गाडीत घालून तासाभराचा रस्ता कापणे हीच खरी जोखीम होती, कारण वाटेत त्याचा श्वास थकला असता तर गाडीतल्या कोणालाच काही करता आले नसते. गंभीर निमोनियाची शंका असल्यास प्रतिजैविकाचा पहिला डोस देऊनच पुढे पाठवावे, असा नियम आहे. ते इंजेक्शन बहुधा तेच असावे. व्हेंटिलेटरचे काम मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स अशा नागपूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांचे. पहिला तास मात्र ऑक्सिजन, झटके थांबवणारे औषध आणि रक्तातील साखरेची तपासणी एवढ्यावरही निभावतो.

सलाइनवर आपल्याकडे जरा जास्तच भरवसा आहे. केनिया, युगांडा आणि टांझानियातील तीन हजारांहून अधिक तापाच्या गंभीर बालरुग्णांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. अतिदक्षता विभाग नसलेल्या त्या रुग्णालयांत ज्यांना भराभर सलाइन दिले, त्यांच्यात मृत्यू अधिक झाले. म्हणून सलाइन लावायचे की नाही हे ठरवताना डॉक्टर आधी बाळाचे नख दाबून सोडतात आणि पांढरे पडलेले नख पुन्हा गुलाबी व्हायला तीन सेकंदांहून अधिक लागतात का, ते पाहतात. जुलाबाने फारच सुकलेल्या मुलाची गोष्ट अर्थात निराळी; तिथे सलाइनच जीव वाचवते.

पुन्हा धाप वाटली तर मूल शांत असताना सदरा वर करून, घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा त्याहून अधिक श्वास भरले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा; छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, पाणीही पिता येत नसेल किंवा मूल नीट जागे होत नसेल, तर लगेच १०८ला फोन करा. पुढे पाठवताना कोणते औषध किती वाजता दिले, हे चिठ्ठीवर लिहून मागा. कॅज्युअल्टीत तुम्हाला आधी तेच विचारतील.